संशोधनासाठी एमआरआय काढायचा का? सही करण्याआधी एवढं समजून घ्या

आटगावच्या एका कुटुंबाने नुकताच आम्हाला एक कागद दाखवला. घरातल्या दादींना बरीच वर्षं शुगर आहे. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात त्यांना विचारलं गेलं, "आमचं संशोधन चालू आहे, त्यासाठी तुमचा एमआरआय काढू द्याल का? पैसे लागणार नाहीत." घरात दोन मतं पडली. मुलगा म्हणाला, एवढी महागडी तपासणी फुकट होतेय, करून घेऊ. सून म्हणाली, आपल्यावर प्रयोग करतील, नको. दोघांचंही थोडं बरोबर आहे, थोडं चूक.

मशीन काय करतं?

एमआरआय म्हणजे एक मोठं, ताकदवान चुंबक. दवाखान्यांत साधारणपणे १.५ किंवा ३ टेस्लाची मशिनं असतात. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय ताकदीच्या सुमारे तीस हजार पट. आपल्या शरीरात पाणी भरपूर, आणि पाण्यातल्या हायड्रोजनचे कण छोट्या चुंबकांसारखे वागतात. मशीन त्यांना रेडिओ लहरींनी किंचित हलवतं. ते परत जागेवर येताना जो संकेत देतात, त्यावरून कॉम्प्युटर आतलं चित्र तयार करतो. यात एक्स-रे किंवा सीटी स्कॅनसारखे किरण नसतात. म्हणूनच संशोधक एकाच माणसाची पुन्हा पुन्हा तपासणी करून गाठ लहान झाली का, लिव्हरवरची चरबी उतरली का, हे मोजू शकतात.

पुण्यात काय कळलं?

१९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं वजन सरासरी २.७ किलो भरलं, तर इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या बाळांचं ३.५ किलो. पण आपली बाळं बारीक असूनही त्यांच्या अंगातली चरबी त्या मानाने कमी नव्हती. ही चरबी नेमकी कुठे असते? ते एमआरआयने दाखवलं. पुण्यातल्या आणि लंडनमधल्या नवजात बाळांची तुलना २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. आपली बाळं लहानखुरी, तरी पोटातली चरबी जास्त. पोटातली चरबी आणि शुगर यांचं नातं जवळचं आहे. बारीक दिसणाऱ्या माणसालाही शुगर का होते, हे समजायला या अभ्यासांनी मदत केली. आपल्या लोकांनी तेव्हा होकार दिला नसता, तर डॉक्टरांना फक्त गोऱ्यांच्या शरीराचीच माहिती राहिली असती.

पण संशोधन म्हणजे उपचार नव्हे

मुलाची चूक इथे होते. उपचारासाठी काढलेला एमआरआय आपल्या आजारासाठी असतो. संशोधनाचा एमआरआय एका प्रश्नाच्या उत्तरासाठी असतो. त्यात फक्त लिव्हरच बघितलं जाईल आणि रिपोर्ट कदाचित हातात मिळणारही नाही. म्हणून आधी विचारा:

– नैतिकता समितीची मंजुरी आहे का? औषधाची चाचणी असेल तर सीटीआरआय या सरकारी नोंदणीत तिचा क्रमांक असलाच पाहिजे. १५ जून २००९ पासून ते बंधनकारक आहे, आणि ती नोंद इंटरनेटवर कुणालाही बघता येते.
– स्कॅनमध्ये काही वेगळं दिसलं तर आम्हाला कळवणार का?
– शिरेतून औषध टोचणार का? किडनीचा त्रास असेल तर तो आधीच सांगा.
– आटगावहून लोकलने येण्या-जाण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी मिळेल का?
– काही इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार?

संमतीपत्र आपल्याला कळेल त्या भाषेत हवं, मराठी किंवा उर्दू. वाचता येत नसेल तर ते वाचून दाखवताना संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा. सहीची घाई नको. कागद घरी आणून विचार करता येतो. एक प्रत आपल्याकडे ठेवा. मधेच कधीही 'नको' म्हणता येतं, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

आत जाण्यापूर्वी

मशीन शांत दिसलं तरी चुंबक चालूच असतं. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेला एका रुग्णाचा नातेवाईक मशीनकडे खेचला गेला आणि त्याचा जीव गेला. म्हणून बांगड्या, पैंजण, किल्ल्या, मोबाइल, धातूचा ताईत, स्कार्फच्या पिना, सगळं बाहेर ठेवा. काजळ-सुरमा धुऊन टाका. पेसमेकर, शरीरात बसवलेला रॉड किंवा क्लिप, गरोदरपण, यातलं काहीही असेल तर न लाजता सांगा. बायकांनी लेडी टेक्निशियन मिळेल का, हे आधीच विचारावं. रोजे असतील तर तारीख पुढे ढकलायला सांगता येतं. आत ठोकल्यासारखा मोठा आवाज होतो. कानात घालायला बोळे मागून घ्या. घाबरल्यासारखं झालं तर दाबायला हातात बटण देतात.

त्या घरातल्या लोकांना आम्ही शेवटी एवढंच म्हणालो: होकार द्यायचा की नकार, हे ना मुलाने ठरवायचं ना सुनेने. शरीर दादींचं आहे. कागद त्यांना शांतपणे वाचून दाखवा, त्यांचे प्रश्न ऐका, आणि 'हो' किंवा 'नाही' त्यांच्या तोंडून येऊ द्या.