आष्टीहून नर्सिंगला निघताना

अमेरिकेत आधीची पदवी असलेल्यांना साधारण दीड वर्षात नर्सिंगची पदवी घेता येते. आपल्याकडे तसा जवळचा मार्ग नाही. बी.ए. झालेली मुलगीही पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करते. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. त्याला बारावीला जीवशास्त्र हवे आणि सीईटीही. जीएनएम ही पदविका तीन वर्षांची. ती करून नर्सिंग परिषदेकडे नोंदणी झाली, की पोस्ट बेसिक बी.एस्सी. दोन वर्षांत होते. छोट्या मुदतीची पदवी म्हणावी तर हीच.

खरी घाई कागदपत्रांची असते. उत्पन्न, अधिवास, जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर यांतले बरेच दाखले आई-वडिलांच्या कागदांवर अवलंबून असतात आणि आष्टी तालुक्यातली कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. म्हणून कारखाने बंद होऊन ती गावी परतली, की उन्हाळ्यातच सेतूत अर्ज टाकावेत. निकालानंतर धावपळ करणाऱ्या हुशार मुलींच्या जागा केवळ एका दाखल्यापायी जाऊ नयेत.

वॉर्डात काम करायचे, म्हणून हेपॅटायटिस-बीची लसही हवी. तिचे तीन डोस सहा महिन्यांत पूर्ण होतात, पहिला प्रवेशाआधीच घ्यावा. नाडी मोजायला सेकंदकाटा असलेले घड्याळ लागेल. वर्गात ८० टक्के हजेरी चालते, वॉर्डातली मात्र पदवीपूर्वी शंभर टक्के भरावीच लागते. लग्नसराईत रजा मागण्याआधी घरच्यांना हे सांगून ठेवा.

आष्टी–अहिल्यानगर रेल्वे २०२२ मध्ये सुरू झाली. तरीही सकाळच्या ड्यूटीसाठी रोज ये-जा करण्यापेक्षा वसतिगृहच बरे.