तेल खवट का होते, आणि त्याला किती झपाट्याने अडवता येते?

पावसाळ्याच्या तोंडी भरून ठेवलेला शेंगदाणा तेलाचा डबा दिवाळीच्या फराळासाठी उघडावा आणि नाकाला खवट वास यावा, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना असेल. तेल नासले, असे आपण म्हणतो. पण दूध नासते तसे तेल नासत नाही. दूध जंतूंमुळे नासते. तेलात जंतूंना जगायला पाणीच नसते. तेल बिघडवतो तो हवेतला प्राणवायू. आता प्राणवायू तर पहिल्या दिवसापासून डब्यात आहे. मग तेल महिनोन्‌महिने चांगले राहते आणि पुढे थोड्या दिवसांतच एकदम बिघडते, हे कसे? या प्रश्नाचा शोध घेता घेता शास्त्रज्ञांना एक फार वेगवान शर्यत मोजायला शिकावे लागले. तिचीच हकीकत आज सांगायची आहे.

पदार्थाच्या रेणूत इलेक्ट्रॉन बहुधा जोडीजोडीने असतात, बैलजोडीसारखे. उजेडाने, उष्णतेने किंवा लोखंड-तांब्याच्या सूक्ष्म अंशाने तेलाच्या एखाद्या रेणूतला हायड्रोजनचा अणू निघून जातो आणि मागे एक इलेक्ट्रॉन बिनजोडीचा उरतो. अशा रेणूला मुक्त मूलक म्हणतात. असा मूलक स्वतंत्र राहू शकतो, हे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात मोझेस गोम्बर्ग यांनी १९०० साली दाखवले, तेव्हा कित्येकांना ते पटले नव्हते. तेलातला मूलक लगेच प्राणवायू पकडतो, त्याचा पेरॉक्सी मूलक होतो; तो शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढून घेतो; आता तो शेजारी बिनजोडीचा! एका गंजीची आग दुसऱ्या गंजीला लागावी तसा हा प्रकार आहे.

ही आग अडवणारे पदार्थ तेलातच असतात. ई जीवनसत्त्व हे त्यांतले मुख्य. कॅलिफोर्नियात इव्हान्स आणि बिशप यांनी ते १९२२ साली शोधून काढले. हे जीवनसत्त्व आपला हायड्रोजन पेरॉक्सी मूलकाला देऊन टाकते. त्यात ते स्वतःही मूलक बनते. पण हा मूलक मंद असतो, पुढच्या गंजीला आग लावत नाही. अशा पदार्थांना ऑक्सिडीकरणरोधक किंवा नुसते ‘रोधक’ म्हणू. इंग्रजी अँटिऑक्सिडंट हा शब्द तर आता औषधांच्या डब्यांवरून खेड्यापाड्यांत पोचला आहे.

आता नीट लक्ष द्या. रोधकाबद्दल दोन निरनिराळे प्रश्न विचारता येतात. आग विझवायला आलेल्या माणसाजवळ पाण्याच्या घागरी किती, हा एक. आणि तो किती झपाट्याने धावतो, हा दुसरा. विहीरभर पाणी असले तरी गंजी जळून गेल्यावर त्याचा काय उपयोग? जाहिरातीत बहुधा पहिल्याच प्रश्नाचे उत्तर असते.

झपाटा मोजायची सोपी युक्ती रंगाची. डीपीपीएच नावाचा एक मूलक इतका टिकाऊ आहे की तो बाटलीत भरून ठेवता येतो. त्याचा द्रव गर्द जांभळा असतो. हायड्रोजन मिळाला की तो पिवळसर होतो. १९५८ साली ब्लॉइस यांनी रोधक पारखण्याची ही रीत प्रसिद्ध केली आणि ती आजही प्रयोगशाळांतून चालते. द्रवातून प्रकाश सोडायचा आणि जांभळेपणा किती वेळात निम्मा होतो ते पाहायचे. रोधक मूलकापेक्षा पुष्कळ जास्त घालायचा, म्हणजे तो जवळजवळ तेवढाच राहतो आणि हिशेब सोपा होतो: रोधक दुप्पट केला की निम्मे होण्याचा वेळ अर्धा. चपळ रोधकाचे काम मात्र द्रव हाताने ढवळेपर्यंतच उरकते. म्हणून दोन पिचकाऱ्यांतले द्रव जोराने एकत्र आणून प्रवाह एकदम थांबवतात आणि सेकंदाच्या हजाराव्या भागापासून नोंद घेतात.

पण डीपीपीएच हा काही तेलातला मूलक नव्हे. तो अंगाने थोराड आहे. लहान रोधक त्याच्या गाभ्याशी सहज पोचतो, मोठा अडखळतो. त्याच्या निकालावरून तेलातली किंवा शरीरातली राखण ठरवू नये, असे मला वाटते.

खऱ्या पेरॉक्सी मूलकाशी सामना कसा मोजायचा? कॅनडात ओटावा येथील राष्ट्रीय संशोधन परिषदेत बर्टन आणि इन्गोल्ड यांनी १९८० नंतरच्या दशकात हे काम फार सुरेख केले. स्टायरीन नावाचा द्रव घ्यायचा. ठरावीक गतीने मूलक सोडणारा एक पदार्थ त्यात मिसळायचा आणि द्रव प्राणवायू किती शोषतो ते बघत बसायचे. रोधक घातला की शोषण मंदावते. रोधक संपला की एकदम वाढते. आपल्या डब्यातले तेल अचानक बिघडते त्याचे कारण हेच! आता या एकाच आलेखातून दोन्ही उत्तरे मिळतात. मंद काळ किती लांबला, त्यावरून एक रेणू किती मूलक गिळतो ते कळते. ई जीवनसत्त्वाचा रेणू दोन गिळतो. आणि त्या काळात शोषण किती मंद होते, त्यावरून झपाटा कळतो.

त्यांचे आकडे एकके बाजूला ठेवून सांगतो. करडईच्या तेलात भरपूर असलेल्या लिनोलिक आम्लाचा हायड्रोजन ओढण्याचा पेरॉक्सी मूलकाचा वेग सुमारे ६०. ई जीवनसत्त्वातल्या आल्फा टोकोफेरॉलशी त्याच मूलकाचा वेग सुमारे ३२ लाख. समजा, हजार लिनोलिक रेणूंत रोधकाचा एकच रेणू आहे. हजारांचे मिळून ६० हजार, एकट्याचे ३२ लाख. म्हणजे सुमारे ५४ मूलकांतले ५३ रोधकाच्या हाती लागतात, एखादाच निसटतो. इतका थोडा रोधक एवढे तेल कसे राखतो, हे कोडे या भागाकाराने सुटते. बीएचटी हा कारखान्यात तयार होणारा रोधक खाद्यपदार्थांत घालतात. त्याचा वेग सुमारे १४ हजारच आहे.

सर्वांत आडदांड मूलक हायड्रॉक्सिल. तो पाण्यावर किरणांचा मारा झाला की निर्माण होतो. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात वेगवान इलेक्ट्रॉनांचा क्षणिक झोत द्रवात सोडून असे मूलक बनवतात आणि पुढचा प्रकार प्रकाशाच्या साहाय्याने टिपतात. आपल्या हळदीतल्या कर्क्युमिनचा अभ्यासही तिथे या रीतीने झाला आहे. हायड्रॉक्सिलचे वेग अब्जांत मोजतात, आणि गंमत अशी की साध्या साखरेशीही तो अब्जाच्या वर वेगाने भिडतो. समोर येईल त्याला तो धरतो. मग शरीरातल्या साखर-प्रथिनांच्या गर्दीत चिमूटभर रोधक त्याला आधी गाठणार कसा? ‘आमचे चूर्ण हायड्रॉक्सिलला मारते’ या दाव्यात म्हणून फारसा अर्थ नाही.

आणि झपाटा चांगला असला तरी माणसाला गुण येतोच असे नाही. बीटा-कॅरोटीन हे गाजरातले रंगद्रव्य मूलकांशी चांगले भिडते. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी पाहणी झाली. १९९४ साली निकाल आला: बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी न होता १८ टक्के जास्त आढळला. अमेरिकेच्या शेती खात्याने खाद्यपदार्थांच्या रोधकशक्तीची एक यादी प्रसिद्ध केली होती. विक्रेते तिचा भलताच उपयोग करू लागले, म्हणून २०१२ साली ती काढून घेतली. गाजर खायला हरकत नाही, जरूर खा. पण डब्यावरचा आकडा पाहून गोळ्यांवर पैसे घालवू नका.

गुरुजींना वर्गात करून दाखवता येईल असा एक प्रयोग सांगतो. भाताच्या पातळ पेजेत जखमेवर लावायच्या आयोडीनचे दोन थेंब टाकावेत. पेज निळी होईल. मग लिंबाचा रस थेंबाथेंबाने घालीत निळा रंग जाईपर्यंतचे थेंब मोजावेत. तेवढ्याच दुसऱ्या पेजेत तसेच दोन थेंब टाकून चांगला उकळून गार केलेला रस घालून पाहावा. आयोडीन हा मूलक नव्हे, आणि रंग इतक्या पटकन जातो की झपाटा डोळ्यांनी मोजता येत नाही. तेव्हा हे मोजमाप घागरींचे, धावण्याचे नव्हे, एवढे मुलांना आधी सांगून ठेवावे. आणि जाताना घरच्यांसाठी निरोप द्यावा: नवे तेल खवट डब्यात ओतू नका. जुन्या तेलातल्या पेरॉक्साइडांपासून नवे मूलक सुटतात, आणि ताज्या तेलातला रोधक त्यांच्या पाठीमागे धावण्यातच संपून जातो.