लघुउद्योजक आणि संकेतस्थळाची जागा

येवल्याची पैठणी, सोलापूरची चादर किंवा देवगडचा हापूस यांना ग्राहक मिळवून देण्याचे काम एके काळी पेठेतील दुकानदार आणि अडते करीत असत. आता त्यात संकेतस्थळाची भर पडली आहे. विणकर, बागायतदार, महिला बचत गट व लहान कारखानदार स्वतःचे संकेतस्थळ काढू लागले असून त्याविषयी सल्ला घेण्यासाठी ते गावातील शिक्षकांकडे, पंचायतीच्या सदस्यांकडे किंवा तालुक्याच्या अधिकाऱ्यांकडे येतात. अशा वेळी योग्य मार्गदर्शन मिळाले नाही, तर पैशांबरोबर व्यवसायाचे नावही गमावण्याचा प्रसंग येतो.

नाव वेगळे, जागा वेगळी

संकेतस्थळासाठी दोन गोष्टी लागतात: नाव, म्हणजेच डोमेन; आणि जागा, म्हणजेच होस्टिंग. नाव ही दुकानाची पाटी, तर होस्टिंग हा भाड्याचा गाळा होय. ‘डॉट इन’ या भारतीय नावांची नोंदवही ‘निक्सी’ ही संस्था सांभाळते. ‘डॉट भारत’ ही देवनागरी नावेही २०१४ पासून मिळू लागली आहेत. नाव कायमचे विकत मिळत नाही. ते ठरावीक वर्षांसाठी नोंदवून मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे लागते. ही नोंदणी उद्योजकाच्या स्वतःच्या नावाने आणि त्याच्याच ई-मेल पत्त्यावर झाली पाहिजे. संकेतस्थळ तयार करून देणाऱ्या मध्यस्थाने ती स्वतःच्या नावावर केल्यास, पुढे मतभेद झाल्यावर पाटी त्याच्या हाती राहते. गाळा बदलता येतो. हातची गेलेली पाटी परत मिळवणे कठीण असते.

गरजेनुसार जागा

एकाच सर्व्हरवर अनेकांची संकेतस्थळे ठेवली जातात, तिला सामायिक होस्टिंग म्हणतात. ती सर्वांत स्वस्त असते. परंतु शेजारच्या संकेतस्थळावर गर्दी झाल्यास आपलेही मंदावू शकते. आभासी खासगी सर्व्हरमध्ये ठरावीक वाटा राखून ठेवलेला असतो, तर स्वतंत्र सर्व्हर संपूर्णपणे एकाच ग्राहकासाठी असतो. मालाची छायाचित्रे, दर आणि पत्ता दाखविणाऱ्या व्यवसायाला आरंभी सामायिक जागा पुरेशी होते. मात्र आंब्याच्या हंगामात दोन महिन्यांतच बहुतेक मागणी नोंदवली जात असेल, तर गरजेप्रमाणे जागा वाढवून मिळेल काय, हे आधीच विचारावे.

शेकडेवारीचा अर्थ

बहुतेक कंपन्या संकेतस्थळ ९९.९ टक्के वेळ चालू राहील, अशी हमी देतात. हिशेब केला तर याचा अर्थ वर्षात सुमारे पावणेनऊ तास ते बंद राहू शकते. हमी ९९ टक्के असेल, तर बंद राहण्याचा काळ साडेतीन दिवसांहून अधिक होतो. हमी मोडल्यास कंपनी काय देणार, हेही करारात पाहावे. बहुधा भाड्याचा काही भाग परत मिळतो. बुडालेल्या विक्रीची भरपाई मिळत नाही.

सर्व्हर कोठे आहे, यालाही महत्त्व आहे. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर वेगाने जातो. मुंबईहून न्यूयॉर्क सरळ मोजले तरी सुमारे साडेबारा हजार किलोमीटर दूर; म्हणजे एका फेरीलाच सेकंदाचा आठवा भाग लागतो आणि एक पान उघडण्यासाठी अशा अनेक फेऱ्या होतात. ग्राहक प्रामुख्याने महाराष्ट्रातील असतील, तर देशातील सर्व्हर अधिक सोयीचा ठरतो.

प्रतींची खबरदारी

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या माहिती केंद्राला आग लागून एक इमारत नष्ट झाली. जगभरातील असंख्य संकेतस्थळे बंद पडली. ज्यांच्या प्रती अन्यत्र होत्या त्यांनी काम पुन्हा सुरू केले. ज्यांच्या नव्हत्या, त्यांपैकी अनेकांची माहिती कायमची गेली. म्हणून कंपनी प्रत कितीदा व कोठे ठेवते, हे विचारावेच, शिवाय दरमहा एक प्रत स्वतःजवळ उतरवून घ्यावी. ग्राहकांचे पत्ते व दूरध्वनी क्रमांक साठविले जात असल्यास ही दक्षता अधिकच हवी. संसदेने २०२३ मध्ये केलेल्या व्यक्तिगत माहिती संरक्षणाच्या कायद्यात अशा माहितीची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर ठेवण्यात आली आहे. ‘सर्व्हर दुसऱ्याचा होता’ असे म्हणून ती टळत नाही.

दर आणि करार

जाहिरातीतील दर बहुधा पहिल्या मुदतीपुरता असतो. नूतनीकरणाचा दर त्याच्या कितीतरी पट असू शकतो. म्हणून तीन वर्षांचा एकूण खर्च, वस्तू व सेवा करासह, मांडून तुलना करावी. सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र विनामूल्य मिळू शकत असल्याने त्यासाठी वेगळी रक्कम मागितली गेल्यास कारण विचारावे. कंपनीच्या मदत कक्षाला पैसे भरण्यापूर्वीच एखादा प्रश्न विचारून उत्तर किती वेळात व किती स्पष्ट येते, ते पाहावे. प्रारंभी एकाच वर्षाचा करार करावा.

नाव कोणाच्या नावावर, प्रत कोठे, नूतनीकरणाचा दर किती, अडचणीत उत्तर कोण देणार आणि कंपनी सोडताना सर्व माहिती घेऊन जाता येईल काय, या पाच प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाल्याखेरीज रक्कम भरू नये. ग्रामसभेत किंवा बचत गटाच्या बैठकीत एवढे प्रश्न फळ्यावर लिहून दिले, तरी अनेक लहान व्यवसायांचे पुढील नुकसान टळेल.