तीन गाड्यांची एक गाडी... पण ती नक्की कुठली?

एक कोडं सोडवा. तुमच्याकडे जुनी स्टँडर्ड हेराल्ड आहे. चेसिस धडधाकट, पण पत्रा पार सडलेला. दुसऱ्या हेराल्डचं इंजिन फिरतंय, पण तिची चेसिस गेलीय. तिसरीची दारं, काचा, डॅशबोर्ड शाबूत आहेत आणि बाकी काहीच नाही. तिघींचं मिळून तुम्ही एक गाडी उभी केलीत, ऑइल बदललंत, स्टार्टर मारलात आणि ती चालू झाली! आता ही पहिली, दुसरी की तिसरी?

हसू नका. या प्रश्नावर लंडनच्या कोर्टात खटला चाललाय. त्यावर येऊच.

आधी हेराल्डच का, ते सांगते. ट्रायम्फने १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये हेराल्ड आणली. मग १९६२ मध्ये तिचीच चेसिस आखूड करून, सस्पेंशन आणि स्टिअरिंग तेच ठेवून दोन सीटची स्पोर्ट्स कार काढली, स्पिटफायर. दोन्हींचं डिझाइन इटलीच्या जियोव्हानी मिकेलोत्तीचं. स्पिटफायर भारतात बनली नाही, पण हेराल्ड १९६१ पासून मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्समध्ये बनत होती. म्हणजे त्या स्पोर्ट्स कारची सख्खी बहीण आपल्या रस्त्यांवर फिरत होती. शिवाय हेराल्डची बॉडी वेगवेगळ्या तुकड्यांत बोल्टने जोडलेली असते आणि खाली चेसिस स्वतंत्र. बोल्ट काढा, बॉडी उचला, खाली अख्खा सांगाडा मोकळा. इंग्लंडमध्ये याच सांगाड्यावर कितीतरी हौशी लोकांनी घरच्या शेडमध्ये स्वतःच्या स्पोर्ट्स कार बांधल्या. मेकॅनिकलवाल्यांनो, तुमच्यासाठी हा तर खेळण्यातला मेकॅनोच.

पण ‘एकाचं दुसऱ्याला बसतं’ हे ऐकायला जितकं सोपं, तितकं करायला नाही. हेराल्डची सुरुवातीची इंजिनं ९४८ सीसीची, नंतरची ११४७ची. दोन्हींचा स्ट्रोक ७६ मिलिमीटर, फरक बोअरमध्ये. त्यामुळे लांबून जुळी दिसतात, पण एकाचा पिस्टन दुसऱ्यात जाणार नाही. मद्रासच्या कंपनीने पुढे खास आपल्यासाठी चार दारांची हेराल्ड काढली, जी इंग्लंडमध्ये कधी बनलीच नाही. म्हणजे दोन दारांच्या गाडीसाठी चार दारांच्या गाडीचं दार आणलंत, तर ते शोभेला ठेवा. आणि आपल्या बेल्टमधली सगळ्यात मोठी गंमत म्हणजे चाकणच्या लाइनवर सगळे पाने मिलिमीटरचे, तर हेराल्डचे नट इंचाच्या मापाचे. १३चा पाना जबरदस्तीने लावलात की नटाची कड गोल झालीच म्हणून समजा.

म्हणून जाणकार पहिलं काम करतात ते फोटो आणि पिशव्यांचं. सुटलेला प्रत्येक बोल्ट पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर कुठल्या गाडीतून आणि कुठून काढला ते. कंटाळवाणं आहे, मान्य. पण तीन गाड्या एकाच शेडमध्ये सुट्या झाल्या की पंधरा दिवसांनी कोण कुणाचं हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

आता कागद. इथे खरी अडचण आहे आणि नेमकं हेच आपल्या वयाच्या लोकांना माहीत नसतं. आरटीओच्या दृष्टीने गाडीची ओळख म्हणजे आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मनाने करता येत नाही आणि इंजिन बदलायचं तर परवानगी लागते. त्यात जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. फी २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं. रोज कॉलेजला मात्र नेता येणार नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी आणि चेसिस, बॉडी शेल, इंजिन यांत मोठा फेरफार नको.

म्हणजे आपली तीन गाड्यांची हेराल्ड? वायपर, काचा, दाराच्या कड्या दुसरीकडून आणल्या तर कुणी काही म्हणणार नाही. पण एकीच्या चेसिसवर दुसरीचं इंजिन चढवलंत की प्रश्न सुरू. मला ही अट थोडी गमतीशीर वाटते, कारण आपल्या कंपन्यांनीच असली सरमिसळ करून गाड्या विकल्यात. १९८५ मध्ये प्रीमियरने काढलेली ११८ एनई आठवून बघा (आठवत नसेल तर बाबांना विचारा). बॉडी फियाट १२४ची, इंजिन निस्सानचं!

आता तो खटला. बेंटलीची ‘ओल्ड नंबर वन’ ही रेसिंग कार १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल मानची २४ तासांची शर्यत जिंकली. पुढे शर्यतींसाठी तिचे भाग बदलत गेले, इंजिन बदललं, अपघातानंतर बॉडीही नवी आली. १९९० मध्ये एका कोटी पौंडाला तिचा सौदा ठरला आणि खरेदीदार अडून बसला. म्हणे, यात १९२९ची गाडी उरलीय कुठे? न्यायाधीशांनी मान्य केलं की मूळ भाग फारच थोडे आहेत. तरी निकाल विकणाऱ्याच्या बाजूने दिला. कारण गाडीचा इतिहास मध्ये कुठेही तुटला नव्हता. प्रत्येक बदल त्याच एका गाडीवर होत गेला होता आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी नव्हती.

हा शेवटचा मुद्दा आपल्या कोड्यासाठी मोलाचा. तीन गाड्या उघडल्या की दोन संपतात, कायमच्या. आणि ‘डोनर’ आता मिळतात किती? फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडीतली भंगाराची गोदामं महापालिकेने पाडली. तेव्हा भंगारवाल्याकडे बघू, या भरवशावर गाडी उघडू नका. त्यापेक्षा भोसरीत लेथवाला शोधा. बुश, पिन, ब्रॅकेट यांसारखे भाग नमुना दिला तर नवे बनवून मिळतात, त्यासाठी दुसरी हेराल्ड कापायची गरज नाही.

आणि जुनी गाडी बघायला जाल तेव्हा मोबाइलसोबत साधी पेन्सिल आणि पातळ कागद न्या. चेसिसवर नंबर ठोकलेला असेल तिथे कागद धरून घासा. उमटलेला नंबर आरसीशी एकेक आकडा जुळवा. नाही जुळला तर चहा प्या आणि परत या.