रोडगे, राख आणि रान

अंबाझरी जैवविविधता उद्यानात, गोरेवाड्याच्या कडेला किंवा सेमिनरी हिल्सच्या पायवाटेवर कचरा दिसला की नागपूरकरांचा निकाल ठरलेला: ‘पोट्ट्यांचं काम आहे.’ पोट्टे काही निर्दोष नसतात. पण तीन दगडांची काळी चूल, वांग्याची देठं आणि द्रोण-पत्रावळींचा ढीग दिसला, तर ती पार्टी कुणाची हे विदर्भात सांगावं लागत नाही. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायच्या रोडग्यांचा बेत सहकुटुंब असतो.

या मंडळींचा ठाम समज असतो, ‘आम्ही माती टाकून विस्तव विझवूनच निघालो.’ घरात चूल होती तेव्हा रात्री निखारा राखेखाली झाकून ठेवत आणि सकाळी फुंकर मारून पेटवत, हे त्याच घरातल्या आजीला विचारावं. गोवरीचा आर वरून थंड दिसतो आणि आत तासन्‌तास धुमसतो. दुपारचा वारा सुटला की राख उडते, ठिणगी गवतात जाते. पाणी ओतून, राख काडीने उकरून, पुन्हा पाणी ओतलं तरच आर विझतो. अर्थात, जंगलात तो पेटवायचाच नसतो. राखीव वनात आग लावणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे, मग वणवा लागो न लागो.

‘नागपूरचं ऊनच असं, रान आपसूक पेटतं’ हेही नेहमी ऐकू येतं. पारा ४७ च्या पुढे गेला तरी वाळलं गवत पेटायला दोनशे अंशांहून अधिक उष्णता लागते. बांबूवर बांबू घासून वणवा लागतो, ही शाळेत ऐकलेली गोष्टही इथे कामाची नाही. ऊन गवत वाळवतं. काडी ओढणारा बहुतेक वेळा माणूसच असतो. कुणी मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतो, शहरालगत कुणी विडीचं थोटूक फेकतो.

‘जळलं तर जळलं, पावसात दुप्पट हिरवं येतं.’ यात अर्धं तथ्य आहे, म्हणूनच तो समज जात नाही. गवताची मुळं मातीखाली तगतात, त्यामुळे हिरवळ येते. पण वर उगवलेली रोपटी, किडे, सरडे गेले ते गेले. टिटवी उन्हाळ्यात उघड्या जमिनीवरच अंडी घालते. खड्यांच्या रंगाची ती अंडी पायाशी असली तरी दिसत नाहीत, आणि आगीला चुकवून उडून जाणं त्यांना शक्य नसतं. वनखातंही गवत जाळतं, हा युक्तिवाद लंगडा आहे. ते हंगामाआधी, माणसं उभी करून, ठरलेला पट्टा जाळतात. त्या पट्ट्याला जाळरेषा म्हणतात, आणि तिचा हेतूच वणवा अडवण्याचा असतो. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो.

कचऱ्याबाबत तर सज्जनांचेच गैरसमज अधिक. संत्र्याची साल कुजते, मग टाकली तर काय बिघडलं? कोरड्या उन्हाळ्यात ती लवकर कुजत नाही, आणि आयत्या खाण्याची सवय लागलेली माकडं पुढच्या माणसाच्या पिशवीवर झडप घालतात. सिगारेटचं फिल्टर कापसाचं वाटतं. ते बहुतेक सेल्युलोज ॲसिटेटचं, म्हणजे प्लास्टिकच. खर्रा घोटलेली पन्नी तर इतकी पातळ की वाऱ्याने थेट काटेरी झुडपात जाऊन बसते. राज्यात प्लास्टिकबंदी मार्च २०१८ पासून आहे. झुडपांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

निघताना कचरा गोळा करून जाळणारे स्वतःला शहाणे समजतात. प्लास्टिकचा धूर विषारी असतो, आणि उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच बंदी घालून ५ हजार रुपयांचा दंड ठेवला आहे.

आणि खोडावर नाव कोरणारे प्रेमवीर. साल म्हणजे झाडाचं वरचं कवच, एवढाच त्यांचा समज. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या लगतच्या थरातूनच मुळांकडे जातं. चाकूची खूण खोल गेली की हा मार्ग तुटतो, बुरशी-किडीला दार उघडतं.

धूर दिसला तर व्हिडिओ काढत थांबू नका. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. फोन लावताना जवळची ओळखीची खूण सांगा.