धातुशोधक यंत्रासाठीं घरगुती पट्टा

आमच्या गोंदिया जिल्ह्यांत धान हें मुख्य पीक. आषाढ-श्रावणांत रोवणी चालते तेव्हां बायामाणसें दिवसभर चिखलांत वांकून असतात. त्या चिखलांत अंगावरची एखादी वस्तु पडली, तर ती पुन्हां मिळण्याची आशा सहसा कोणी धरीत नाहीं. गतवर्षीं आमच्या एका वर्गबंधूच्या आईची चांदीची तोरडी अशीच बांधींत हरवली. ती तिला तिच्या आईनें लग्नांत दिलेली; दुसरी घेण्याजोगी घरची स्थिति नाहीं. धान कापून बांधी सुकल्यावर शास्त्रमंडळाचें धातुशोधक यंत्र घेऊन आम्ही चौघे तेथें गेलों. अर्ध्या तासांत हात भरून आले, यंत्राची चकती जमिनीपासून वीतभर वर चालूं लागली, आणि सायंकाळीं रिकाम्या हातांनीं परतलों. दोष यंत्राचा नव्हता, तें धरण्याच्या रीतीचा होता. तो कसा दूर केला, तें येथें सांगावयाचें आहे.

प्रथम यंत्राचें कार्य पाहूं. चकतींत तारेचें वेटोळें असतें. त्यांतून बदलता वीजप्रवाह सोडला कीं भोंवतीं बदलतें चुंबकक्षेत्र उत्पन्न होतें. तें जवळच्या धातूवर पडतांच धातूंत लहानसे प्रवाह फिरूं लागतात, व त्यांचें उलट क्षेत्र चकतीस जाणवून यंत्र वाजतें. चकती व वस्तु यांतील अंतर वाढलें कीं ही खूण फार झपाट्यानें क्षीण होते. अंतर दुप्पट झाल्यास ती निम्मी न राहतां कित्येक पटींनीं घटते. म्हणून हात थकून चकती वर उचलली जाणें म्हणजे वस्तु खालीं असतांही तिच्यावरून निघून जाणें होय.

आतां हात इतका कां थकतो? आमचें यंत्र अवघें दीड किलो वजनाचें. परंतु त्याचा समतोलबिंदु मुठीच्या पुढें ४० सेंटिमीटरवर आहे, आणि कोपर टेकण्याची जागा मुठीच्या मागें ३० सेंटिमीटरवर. पुढचा भार तोलण्यासाठीं कोपरानें मागें २ किलोइतका दाब खालीं द्यावा लागतो. कारण १·५ गुणिले ४० म्हणजे ६०, व २ गुणिले ३० म्हणजेही ६०. मग मुठीवर यंत्राचे दीड व कोपराचे दोन, असा साडेतीन किलोंचा भार येतो! वस्तु दीड किलोची, पण मूठ साडेतीन किलो उचलते. तरफेचा नियम पुस्तकांत वाचला होता. तो दंडांत त्या दिवशीं कळला.

उपाय आपल्या वाडवडिलांस ठाऊक होता. कावड वाहणारा मनुष्य दोन्ही बाजूंचा तोल साधेल अशाच जागीं बांबूस खांदा देतो. आपणही यंत्र समतोलबिंदूवर टांगून त्याचा भार खांद्यास द्यावा. हातास केवळ तें डावीउजवीकडे फिरविण्याचें काम उरेल.

साहित्य सर्व घरचें आहे: खाटेची तीन बोटें रुंद निवार, धानाच्या गिरणीकडील जुनें बारदान, थोडा कापूस, सायकलीची निकामी ट्यूब, सुती दोरी व बोटाएवढी बांबूची खुंटी.

निवार शाळेच्या दप्तराप्रमाणें डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेपर्यंत फिरवून अंगावरच मापावी व टोकें एकावर एक ठेवून दुहेरी शिवावीं. खांद्यावर येणाऱ्या भागास बारदानाची वीतभर लांब गादी कापूस भरून शिवावी, म्हणजे पट्टा रुतत नाहीं. ट्यूबचा धातूच्या तोंडाचा भाग कापून टाकावा आणि उरलेल्या रबराची दोन विती लांब पट्टी काढावी. तिचें वरचें टोक निवारीस उजव्या बरगडीच्या खालीं, किंचित् पुढच्या बाजूस, दोऱ्यानें घट्ट आवळावें. खालच्या टोकास दोरी बांधून तींत थोड्या थोड्या अंतरानें तीन-चार फांसे ठेवावे. रबराशेजारीं त्याहून जरा लांब अशी दुसरी सुती दोरी सोडावी. रबर तुटलें तरी यंत्र खालीं पडणार नाहीं.

समतोलबिंदु शोधण्यास यंत्रांत बॅटऱ्या घालून तें दोरीच्या फांसांत टांगावें व फांस पुढेंमागें सरकवावा. दांडा जेथें आडवा स्थिर राहील, ती जागा. तेथें कापड गुंडाळून निवारीचा लहान वेढा बांधावा. पट्टीचा फांसा वेढ्यांतून ओंवून त्यांत बांबूची खुंटी अडकवावी. धुऱ्यावरून पाय घसरला, तर खुंटी ओढतांच यंत्र सुटतें व मनुष्य त्यांत गुंतत नाहीं. हात सैल सोडला असतां चकती जमिनीच्या दोन बोटें वर राहील, असा फांसा निवडावा.

यांत लोखंडी कडी किंवा बक्कल कां नको, हें एका जुन्या प्रसंगावरून कळेल. इ. स. १८८१ मध्यें अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांस गोळी लागली. दूरध्वनीचे संशोधक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं ती शरीरांत शोधण्यासाठीं विजेचें एक उपकरण आणलें, परंतु गोळी सांपडली नाहीं. रुग्णाच्या गादींतील पोलादी तारांनीं उपकरणास चकविलें, असें त्याचें एक कारण सांगतात. म्हणून पट्टा तयार होतांच तो चालू यंत्राच्या चकतीखालून फिरवावा. यंत्र मुकें राहिलें तरच पट्टा चांगला. खिशांतील किल्ल्याही घरीं ठेवाव्या.

कांहीं बंधनें मात्र पाळलींच पाहिजेत. शेतमालकाची अनुज्ञा घ्यावी व खणलेला खड्डा बुजवावा. नागरा, प्रतापगड, कचारगड यांसारख्या जुन्या स्थळीं यंत्र नेऊं नये. इ. स. १८७८ च्या निखातनिधीच्या कायद्यान्वयें जमिनींत पुरलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सांपडल्यास तो जिल्हाधिकाऱ्यांस कळविणें बंधनकारक आहे. जंगलभागांत तारा जोडलेला डबा किंवा अनोळखी वस्तु दिसल्यास तिला स्पर्श न करतां दूर व्हावें आणि पोलिसांस वर्दी द्यावी.

पट्टा बांधून आम्ही पुन्हां त्याच बांधींत गेलों. या वेळीं दोरीनें ओळी आंखून, पाळीपाळीनें, चकती जमिनीलगत ठेवून तीन तास चाललों. कोणाचाही हात दुखला नाहीं. उतरत्या उन्हांत धुऱ्याच्या कडेस यंत्र वाजलें. चार बोटें मातीखालीं तोरडी होती, काळवंडलेली पण अखंड. माउलीनें ती पदरानें पुसली, आणि बराच वेळ ती कांहींच बोलली नाहीं. मग तिनें आम्हां चौघांस घरीं नेऊन चहा दिला व तो जुन्या निवारीचा पट्टा हातांत घेऊन कौतुकानें उलटसुलट पाहिला.