भाषांतरावर झालेली शिक्षा

पत्रकारांपासून समाजास धोका आहे, ही भीति लोकसत्ताक अमेरिकेसही सुटली नाहीं, इ. स. १७९८ मध्यें तेथें वृत्तपत्रांस धाक घालणारा कायदा झालाच. तथापि मजकूर खरा असल्याचें सिद्ध करण्याची मुभा त्यांत आरोपीस होती. इकडे १९०८ सालीं ‘देशाचें दुर्दैव’ व ‘हे उपाय टिकाऊ नाहींत’ या ‘केसरी’च्या लेखांबद्दल लो. टिळकांवर मुंबईस खटला झाला. ज्यूरींत सात युरोपियन व दोन पारशी. लेख मराठी, निवाडा मात्र इंग्रजी भाषांतरावर! शब्दाची छटा भाषांतरांत कशी पालटते, हें देवळाली प्रवरेस मुलांकडून संस्कृत घोकून घेणाऱ्या आम्हांस कोणीं सांगावयास नको. टिळकांनीं भाषांतरांतील दोष कोर्टांत दाखविले. तरी सातांविरुद्ध दोन अशा मतांनीं ते दोषी ठरले. सहा वर्षें हद्दपारी व हजार रुपये दंड ठोठावणारे न्यायमूर्ति दावर. १८९७ च्या खटल्यांत टिळकांच्या जामिनासाठीं उभे राहिलेले बॅरिस्टर तेच.